सात जणांची शंका

आम्ही अमेरिकेतल्या ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो, त्याच्या कायद्यात एक लहानसं कलम आहे. गावाच्या सभेत ठराव मांडला गेला, लोकांनी मोठ्यानं 'हो' किंवा 'नाही' म्हटलं आणि सभा चालवणाऱ्या मॉडरेटरनं आवाजाच्या अंदाजावरून निकाल जाहीर केला, की त्याच क्षणी कुणीही सात मतदार उठून त्या निकालावर शंका घेऊ शकतात. सात जण उठले की मॉडरेटरला मतं मोजून घ्यावीच लागतात. कारण सांगावं लागत नाही, पुरावा द्यावा लागत नाही. सभागृहात पाचशे माणसं असली तरी सात पुरतात.

अमेरिकेत सगळ्यांना मिळून नेमकं काय मान्य आहे, असं कुणी विचारलं की मला हे कलम आठवतं. हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. पुण्याहून भाऊ फोनवर विचारतो, इथं शिकायला आलेली भाचरं जेवताना विचारतात. बातम्यांत दिसणारा दुभंगलेला देश काही खोटा नाही. राजकारणावरून सख्ख्या भावंडांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावतानाच 'निवडणुकीचा विषय काढायचा नाही' अशी अट घालणारी घरं आमच्या ओळखीत आहेत. मग ही माणसं एकत्र राहतात ती कशाच्या जोरावर?

पुस्तकी उत्तर तयार असतं. स्वातंत्र्य, समता, स्वतःच्या कष्टांवर भरवसा, कायद्याचं राज्य, सरकारवर बारीक नजर. गुन्नार मिर्दाल या स्वीडिश अर्थतज्ज्ञानं अमेरिकेतल्या वर्णभेदाचा अभ्यास करून १९४४ साली लिहिलं, की हा देश एका सामाईक श्रद्धेनं बांधलेला आहे; गोरे आणि काळे, श्रीमंत आणि गरीब, उत्तरेचे आणि दक्षिणेचे, सगळे त्याच श्रद्धेच्या भाषेत बोलतात, आणि त्या बोलण्यात आणि वागण्यात जे अंतर आहे तेच या देशाचं दुखणं आहे. मिर्दालचं निदान मला आजही बरोबर वाटतं. पण ती यादी हातात घेऊन आमच्या गल्लीतून चालत गेलं तर फारसं काही उलगडत नाही. एका घरावर पिवळा झेंडा आहे, त्यावर वेटोळं घातलेला साप, खाली 'माझ्यावर पाय देऊ नका'. झेंडा १७७५ सालचा, इंग्रजांविरुद्धच्या लढ्यातला. आज तो लावणाऱ्या शेजाऱ्याला बंदुकीवर आणि करांवर सरकारचं नियंत्रण नको आहे. चार घरं सोडून पुढच्या अंगणात पाटी आहे, बाईच्या शरीरावर सरकारचा हक्क नाही. दोघांना विचारलं, तुम्हाला सगळ्यांत प्रिय काय, तर दोघंही 'स्वातंत्र्य' म्हणतील आणि मनापासून म्हणतील. समतेचंही तसंच. एकाला ती सगळ्यांना सारखाच नियम लावण्यात दिसते, दुसऱ्याला मागे राहिलेल्याला हात देण्यात. शब्द एक आणि अर्थ दोन असले की माणसं एकत्र येतात तशी एकमेकांच्या अंगावरही जातात.

म्हणून मी त्या यादीपेक्षा दुसरीकडे पाहते. ज्याला पटत नाही त्याचं इथं काय होतं? जो हरतो त्याचं काय होतं? ज्याला दाराबाहेर ठेवलं, तो बाहेरून काय म्हणतो? मला वाटतं, या समाजानं खरोखर एकत्रितपणे जे काही मानलंय ते तिथं सापडतं. आणि जिथं ते मानणं सुटलं, तिथंच हा देश सगळ्यांत वाईट वागला.

माझा मुलगा दुसरीत असताना त्याच्या वर्गात एक मुलगी होती. सकाळी शाळेच्या स्पीकरवरून झेंड्याची प्रतिज्ञा सुरू झाली की सगळी मुलं छातीवर हात ठेवून उभी राहत आणि ही आपल्या जागी बसून राही. तिच्या घरच्या धर्मात झेंड्याला वंदन करणं बसत नव्हतं. मुलानं घरी येऊन विचारलं, "बाई तिला ओरडत कशा नाहीत?" बाईंनी वर्गाला एवढंच सांगितलं होतं, की उभं राहायचं की नाही ते तिनं ठरवायचं आहे. मी भारतातल्या शाळेत शिकलेली. प्रार्थनेच्या रांगेत नुसती चुळबुळ केली तरी पाठीत धपाटा बसायचा. बाईंच्या त्या साध्या वाक्यामागे काय आहे ते शोधायला लागले आणि एक सबंध रामायण हाती आलं.

१९३५ साली पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल या कोळशाच्या खाणींच्या गावात लिलियन आणि विल्यम या बारा आणि दहा वर्षांच्या बहीणभावांनी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. कुटुंब यहोवाज् विटनेस या ख्रिस्ती पंथाचं. देवाशिवाय कशालाही वंदन नाही, अशी त्यांची शिकवण. दोघांना शाळेतून काढलं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जून १९४० मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी मुलं हरली. तेव्हा युरोपात हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये शिरल्या होत्या, आणि देशाच्या एकीपुढे दोन पोरांच्या श्रद्धेचं काय एवढं, असं न्यायाधीशांना वाटलं. पुढचे काही आठवडे भयंकर होते. या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी जमाव चालून गेले. मेन राज्यातल्या केनेबंक गावी त्यांचं सभागृह जाळलं. 'देशप्रेम दाखव' म्हणून लोकांना मारहाण झाली.

तीनच वर्षांनी वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन बहिणींचा तसाच खटला त्याच न्यायालयापुढे आला आणि न्यायालयानं स्वतःचाच निकाल फिरवला. सहा विरुद्ध तीन. तारीख होती १४ जून १९४३; अमेरिकेत हा दिवस झेंड्याचा दिवस म्हणून पाळतात. पर्ल हार्बर होऊन दीड वर्ष झालेलं, पोरं पॅसिफिकमध्ये मरत होती. अशा वेळी न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं, की आमच्या राज्यघटनेच्या आकाशात एखादा अढळ तारा असलाच तर तो हा: राजकारणात, राष्ट्रभक्तीत किंवा धर्मात योग्य मत कोणतं हे ठरवून देण्याचा अधिकार कोणत्याही लहान वा मोठ्या अधिकाऱ्याला नाही. मतं सक्तीनं एक करायला निघालेल्यांच्या पदरी शेवटी स्मशानातलं एकमत पडतं, असंही त्यांनी त्याच निकालात बजावलं. हेच जॅक्सन पुढे न्यूरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांविरुद्ध सरकारी वकील म्हणून उभे राहिले.

मी हा निकाल पुनःपुन्हा वाचते. युद्धाच्या ऐन धुमाळीत एका देशानं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या तोंडून सांगितलं, की आमच्या एकीची खूण म्हणजे ही न उठणारी मुलगी. तिला बसू दिलं म्हणून बाकीच्यांच्या उभं राहण्याला किंमत आहे. हे सगळ्या अमेरिकेला कायम पटलेलं असतं असं नाही. खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसले तेव्हा केवढा गदारोळ झाला तो आपण पाहिला. पण वर्गातल्या बाईंना ते पटलेलं होतं, आणि त्यांनी त्यावर भाषण दिलं नाही. आमच्या दुसरीतल्या मुलांनी ते हवेतून घ्यावं तसं घेतलं.

आता गावाच्या सभेविषयी. ईशान्य अमेरिकेत, न्यू इंग्लंडमधल्या पुष्कळ गावांत अजूनही अशी सभा, टाउन मीटिंग, भरते. आमच्या गावात तिथं प्रतिनिधी नसतात. मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक माणूस त्या रात्रीपुरता विधिमंडळाचा सदस्य असतो. आमची सभा वसंतात शाळेच्या जिममध्ये भरते. दारात टाउन क्लर्कची माणसं यादीत नाव तपासून रंगीत कार्ड हातात देतात, मोजणीच्या वेळी ते वर धरायचं. विषयपत्रिकेला 'वॉरंट' म्हणतात, आणि तिच्यातला बहुतेक प्रत्येक विषय एकाच वाक्यानं सुरू होतो: 'गाव असं ठरवतं का, ते पाहण्यासाठी'. अग्निशमन दलाची गाडी असो, बर्फ उपसण्याचा खर्च असो की कुत्र्यांना मोकळं सोडण्याचा नियम. बोलायचं असेल तर माइकपाशी रांग लावायची, नाव आणि रस्ता सांगायचा, आणि जे बोलायचं ते मॉडरेटरला उद्देशून. समोरच्या विरोधकाकडे वळून बोलायचं नाही, त्याच्या हेतूवर घसरायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. आवाज चढला की मॉडरेटर हातोडी आपटतो आणि माणूस थांबतो. रात्रीचे अकरा वाजतात, पाठ धरते, निम्मे लोक पेंगतात. पण उठून जात नाहीत, कारण त्यांचा विषय तेविसावा असतो.

एका वर्षी वॉरंटवर नवी प्राथमिक शाळा बांधण्याचा ठराव होता. जुन्या शाळेचं छप्पर गळत होतं, वर्ग अपुरे होते. बांधकामासाठी गावाला कर्ज काढावं लागणार होतं आणि कर्जाच्या ठरावाला दोन तृतीयांश मतं लागतात. आम्ही लहान मुलांचे आईबाप महिनाभर दारोदार फिरलो होतो. माइकवर आमच्याकडून बरेच जण बोलले. मग एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर नळकामाचा धंदा केलेले, आता पेन्शनवर. त्यांची बायको त्याच शाळेत शिकवत असे. ते म्हणाले, शाळा हवी हे मला तुम्ही सांगू नका, माझ्या बायकोनं त्या गळक्या छपराखाली बादल्या ठेवून शिकवलंय. पण तुम्ही आणलेला आराखडा दिखाऊ आहे, आणि त्याचा कर भरताना माझ्यासारख्या दहा घरांना गाव सोडावं लागेल. तीन मिनिटांत बोलणं संपवून ते जागेवर गेले.

आवाजी मतदान झालं. आमचा 'हो' जिमच्या छताला लागला. दोन तृतीयांश झाल्याचं मॉडरेटरनं जाहीर केलं, आम्ही एकमेकांचे हात धरले, आणि तेवढ्यात मागच्या रांगांत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. माणसं उठत होती. ते म्हातारे उठले, त्यांच्या शेजारचं जोडपं उठलं, मग आणखी. सात झाले. मोजणारे रांगांतून फिरू लागले. वर धरलेली कार्डं, बोटांनी चाललेली मोजदाद, एक रांग दोनदा मोजली. ठराव थोडक्या मतांनी पडला.

त्या रात्री गाडीत बसल्यावर मी रडले. माझ्या मुलाची शाळेची वर्षं त्या गळक्या इमारतीत जाणार होती. पण मतांची संख्या खोटी आहे असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. आपण कमी पडलो, हेच वाटलं. पुढे लहान आराखडा आणला, खर्च कमी केला, आणि नंतरच्या एका सभेत तो मंजूर झाला. त्या म्हाताऱ्यांनी त्याही वेळी विरोधातच मत दिलं. तरी बांधकाम समिती नेमताना त्यांनाच बोलावलं, कारण नळ आणि पाइप त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. ते आले. जे बांधू नये असं त्यांचं मत होतं, त्याच इमारतीचा एकेक सांधा त्यांनी तपासून घेतला. अमेरिकन समाजाविषयी मला जी आस्था आहे तिच्यातला मोठा भाग या एका माणसाचा आहे.

मात्र गावाच्या सभेला मी सगळ्यांत पहिल्यांदा गेले ती मतदार म्हणून नव्हे. माझ्याकडे तेव्हा ग्रीन कार्ड होतं. मतदार नसलेल्यांसाठी जिमच्या एका कडेला दोरी लावून वेगळ्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. बोलायचं तर मॉडरेटरची आणि सभेची परवानगी घ्यावी लागते, मत देता येत नाही. मी कर भरत होते, माझं मूल त्या शाळेत होतं, आणि मी दोरीच्या अलीकडे बसले होते. ती दोरी मला खटकली नाही. नियम ठाऊक होता, आणि पलीकडे जायची वाटही मोकळी होती. पण माझ्या आधी आलेल्यांसाठी ती वाट मोकळी नव्हती, हे मला पुढे कळलं.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' असं लिहिणारे, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेफर्सन आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचे मालक होते. १७९० च्या नागरिकत्वाच्या पहिल्याच कायद्यात अट होती 'मुक्त गोरा माणूस' ही. त्या अटीवर भगतसिंग थिंद या पंजाबी शीख तरुणाचा खटला १९२३ साली सर्वोच्च न्यायालयात चालला. तो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. त्याच्या बाजूनं युक्तिवाद काय झाला? तो उच्च जातीचा आहे, आर्यवंशी आहे, म्हणून शास्त्रानुसार गोराच आहे. न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की शास्त्र काही म्हणो, साधा माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हा बसत नाही. त्यानंतर आधी मिळालेलं नागरिकत्वही डझनावारी भारतीयांकडून काढून घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई त्यातले एक. ना इकडचे ना तिकडचे राहिलेल्या या माणसानं १९२८ साली आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो १९४६ साली, आणि तोही वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशाच्या मर्यादेसह.

थिंदवर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्या युक्तिवादानं माझं मन दुखतं. कुंपण चुकीचं आहे असं म्हणायच्या ऐवजी, मी जातीनं कुंपणाच्या आतला आहे, असं त्यात म्हटलं गेलं. आपली उतरंड बरोबर घेऊन जाऊन परक्या उतरंडीत वरची पायरी मागितली. त्याच्याही पन्नास वर्षं आधी पुण्यात बसलेल्या एका माणसाला अमेरिकेचं मर्म यापेक्षा कितीतरी नेमकं कळलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी निरपेक्षपणे गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. माझ्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं, ही आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. फुले अमेरिकेला कधी गेले नव्हते. पण या देशाकडून उचलण्यासारखं काय आहे ते त्यांनी बरोबर हेरलं: आतल्यांनी बाहेरच्यासाठी कुंपण तोडणं. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांना पुन्हा दाबून टाकायला सुरुवात झाली. ती दडपशाही जवळपास नव्वद वर्षं चालली. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, की तुमची आणि अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास अपरिहार्य आहे. आणि संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांच्या वतीनं केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवलं. कुंपणाबाहेरची माणसं समुद्रापलीकडून एकमेकांना शोधत होती.

आणि ही बाहेरची माणसंच त्या जाहीरनाम्याला सगळ्यांत घट्ट धरून राहिली. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून पळून आलेला. ५ जुलै १८५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये त्यानं भर सभेत विचारलं, तुमचा हा स्वातंत्र्यदिन गुलामाच्या कोणत्या कामाचा? त्या भाषणात जाळ आहे. पण त्याच भाषणाच्या शेवटाकडे तो राज्यघटनेला स्वातंत्र्याचा दस्तऐवज म्हणतो आणि तिच्यावरचा हक्क सोडत नाही. १८४८ साली सेनेका फॉल्सला जमलेल्या बायकांनी जेफर्सनचंच वाक्य घेतलं आणि त्यात 'आणि स्त्रिया' एवढे शब्द घातले. मताचा हक्क देशभर मिळायला १९२० उजाडलं. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ साली वॉशिंग्टनला लाखोंच्या समुदायापुढे म्हणाले, की देशानं आम्हाला वचनचिठ्ठी लिहून दिली आहे, ती वटवायला आम्ही आलो आहोत. यांच्यातला एकही 'तुमची श्रद्धा खोटी, आमची वेगळी' असं म्हणाला नाही. ज्या वाक्यानं त्यांना वगळलं, त्याच वाक्यावर बोट ठेवून त्यांनी हिशोब मागितला. अमेरिकेची श्रद्धा जिवंत राहिली ती यांच्यामुळे. ती लिहिणाऱ्यांपेक्षा तिची किंमत यांनी जास्त मोजली.

मी नागरिकत्वाची शपथ घेतली ती बॉस्टनच्या फॅन्युअल हॉलमध्ये. १७४२ साली ज्या व्यापाऱ्यानं तो बांधून शहराला दिला त्याच्या पैशात गुलामांच्या व्यापाराचाही पैसा होता. त्याच सभागृहात पुढे गुलामीविरुद्ध सभा झाल्या, डग्लस बोलला. त्या दिवशी आजूबाजूला हैतीची, व्हिएतनामची, ब्राझीलची माणसं होती. बगाईंची आठवण मला तिथं आली.

देशाच्या पातळीवर हरण्याचीही एक परंपरा आहे. १८०० सालच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स जेफर्सनकडून हरले. ते रुसून पहाटेच वॉशिंग्टन सोडून निघून गेले, शपथविधीला थांबले नाहीत. पण सत्ता सोडली. राष्ट्राध्यक्षपदाच्या मतांची मोजणी संसदेपुढे होते आणि तिचं अध्यक्षस्थान उपराष्ट्राध्यक्षांकडे असतं. त्यामुळे कधी कधी हरलेल्या उमेदवारालाच स्वतःच्या पराभवाची घोषणा करावी लागते. १९६१ साली निक्सननं ती केली. २००० साली उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅल गोर निकाल ठरवणाऱ्या फ्लोरिडा राज्यात ५३७ मतांनी मागे पडले, सर्वोच्च न्यायालयानं फेरमोजणी थांबवली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पराभव मान्य केला. ६ जानेवारी २००१ रोजी त्यांच्याच पक्षाचे खासदार एकामागून एक उठून हरकत घेत होते आणि गोर नियमावर बोट ठेवून प्रत्येकाला खाली बसवत होते, कारण हरकतीवर एका सिनेटरचीही सही नव्हती. न्यायालयाचा निकाल मला आजही पटत नाही. पण त्या दिवशी गोर ज्या खुर्चीत बसले होते, तिचा मान त्यांनी राखला.

वीस वर्षांनी त्याच तारखेला काय झालं ते जगानं पाहिलं. त्या दिवसाबद्दल बोलताना मला अजूनही घसा दाटतो. काही लोक म्हणतात, लोकांना शंका होती, शंका घ्यायचा हक्क नाही का? आहे. सात जणांच्या कलमानं तो दिलेलाच आहे. पण शंका घेतली की मोजायचं असतं, आणि मोजून झालं की मान्य करायचं असतं. कलमात पहिला भाग लिहिलेला आहे. दुसरा लिहिलेला नाही, तो माणसांनी पाळायचा आहे. २०२० मध्ये शंका मोजली गेली होती. जॉर्जिया राज्यात सुमारे ५० लाख मतपत्रिका हातानं पुन्हा मोजल्या, आणि त्या राज्याचे निवडणूक प्रमुख हरलेल्या उमेदवाराच्याच पक्षाचे होते. न्यायालयांत साठांहून अधिक दावे टिकले नाहीत. त्यानंतरही हरलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांचा जमाव संसदेत घुसला. त्याच रात्री खासदार पुन्हा जमले आणि पहाटे चारच्या आत मोजणी पुरी केली, याचा मला अभिमान आहे. २०२२ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कायदा दुरुस्त केला. आता हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांतल्या एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. ६ जानेवारी २०२५ रोजी कमला हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाची घोषणा केली, आणि पंधरवड्यानं पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांनी २०२१ च्या दंगलीतल्या सुमारे पंधराशे जणांना माफी दिली. ती माफी मला घोर चूक वाटते. गळक्या शाळेत मूल पाठवायला लागलं तरी मोजणी मान्य करणाऱ्या प्रत्येक माणसाला तिनं वेड्यात काढलं.

त्या निवडणुकीच्या दिवशी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, मी आमच्या मतदान केंद्रावर काम करत होते. सकाळी सात ते रात्री आठ. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं असतात. मतदार आला की आधी रस्ता आणि घर नंबर विचारायचा, मग नाव, मग यादीत खूण. केंद्राची प्रमुख आमच्याच गावातली बाई, मतानं माझ्या पूर्ण विरुद्ध. आमच्या राज्यात तिचा उमेदवार हरणार होता आणि देशात जिंकणार होता. माझं नेमकं उलटं. मतदान संपल्यावर दारं बंद न करता मोजणी सुरू होते, कुणीही येऊन बघू शकतं. एक तरुण आला होता, हाताची घडी घालून उभा. त्याला यंत्रावर विश्वास नव्हता, हे त्यानं आल्या आल्याच सांगितलं.

यादीतल्या खुणा आणि यंत्रातल्या मतपत्रिका जुळायला हव्या होत्या. एकाचा फरक आला. प्रमुख बाईनं सगळ्यांना पुन्हा बसवलं. पान पान यादी परत मोजली, दोघी दोघींनी, मोठ्यानं आकडे म्हणत. तो तरुण आमच्या खांद्यावरून पाहत होता आणि कुणी त्याला मागे हो म्हटलं नाही. शेवटी एका पानावर दोन सारख्या आडनावांच्या ओळींत एक खूण राहून गेलेली सापडली. आकडे जुळले, निकालाच्या कागदी पट्टीवर सह्या झाल्या.

"इथलं ठीक आहे," तो म्हणाला. "बाकी राज्यांचं मला माहीत नाही."

बाई खोक्याला सील लावत होती. "तिथंही आमच्यासारखंच कुणीतरी बसलेलं असतं," ती म्हणाली. "दारं उघडी असतात. जाऊन बघ."